जैसलमेर आणि लोनाड : स्थलवर्णनासंबंधीं कांहीं विचार

मराठींत प्रवासवर्णनें फार थोडीं आहेत अशी तक्रार एके काळीं वारंवार ऐकूं येत असे. आज ती कोणी करील असें वाटत नाहीं. दिवाळीची किंवा नाताळची सुटी संपतांच मासिकांतून व पुरवण्यांतून स्थलवर्णनांचा जो पूर लोटतो, त्यांत राजस्थानचा वांटा मोठा असतो. आणि राजस्थानांतहि अलीकडे वाळवंटांतील जैसलमेर नगरास जो मान मिळतो, तो जयपूर-उदेपुरांसहि क्वचितच मिळतो. ठाणें, कल्याण व भिवंडी ह्या आमच्या टापूंतलीं सुशिक्षित कुटुंबें आतां तेथें सहजगत्या जाऊन येतात, व त्यांपैकीं कोणी ना कोणी परत आल्यावर हातीं लेखणी धरतो. माणसें घराबाहेर पडावीं, त्यांनीं डोळे उघडे ठेवून फिरावें आणि पाहिलेलें लिहावें, हें सर्व इष्टच आहे. परंतु पीक विपुल आलें म्हणजे तें सकस आहे असें ठरत नाहीं. जैसलमेरवरील अशीं वर्णनें आम्हीं गेल्या कांहीं वर्षांत बरींच वाचलीं. त्यांतील कोणा एका लेखकास वेगळा काढून बोल लावण्याचा आमचा हेतु नाहीं. कारण जो दोष आम्हांस दिसतो तो व्यक्तीचा नसून वळणाचा आहे, आणि त्या वळणानें आम्हीहि एकदां गेलों आहों.

ह्या वर्णनांचा सांचा आतां ठरून गेला आहे. आरंभीं पहांटेचा प्रवास व दूरवर दिसूं लागलेला पिवळा किल्ला. मग सोन्याच्या नगरीची उपमा. मग पटव्यांच्या पांच हवेल्या, त्यांच्या गवाक्षांतील जाळी, व दगडाचें जणूं वस्त्रच विणलें आहे ही दुसरी उपमा. सायंकाळीं सम येथील वाळूच्या टेकड्या, उंट, सूर्यास्त व नृत्यगायन. आणि शेवटीं दालबाटीचें जेवण. इतिहास मध्येंच कोठें तरी एका परिच्छेदांत उरकलेला असतो. भाटी राजपुतांचा रावळ जैसल ह्यानें ११५६ मध्यें लोदुर्वा ही जुनी राजधानी सोडून त्रिकूट टेकडीवर नवी राजधानी वसविली, किल्ल्यास ९९ बुरूज आहेत, व २०१३ मध्यें युनेस्कोनें राजस्थानांतील इतर पांच डोंगरी किल्ल्यांबरोबर ह्याचीहि जागतिक वारसा म्हणून नोंद केली, एवढें सांगितलें कीं लेखक इतिहासाच्या ऋणांतून मुक्त होतो. सोन्याची उपमा तरी स्वकष्टार्जित असावी. पण तीहि उसनी. सत्यजित राय ह्यांच्या १९७४ च्या ‘सोनार केल्ला’ ह्या चित्रपटानें ती घरोघर पोंचविली, आणि तेव्हांपासून प्रवासी किल्ला पाहण्यापूर्वींच तो सोन्याचा आहे असें ठरवून जातो.

ही माहिती खोटी नाहीं. तथापि ती वाचून वाचकाच्या मनांत एकहि प्रश्न उभा रहात नाहीं, हें तिचें वैगुण्य. आमच्या मतें स्थलवर्णनाची पहिली कसोटी हीच, कीं तेथें माणसें कां राहिलीं व कशीं राहिलीं, ह्याची जिज्ञासा लेखकास झाली किंवा नाहीं. जैसलमेरच्या बाबतींत तर हा प्रश्न टाळणें ही मोठीच कर्तबगारी म्हणावी लागेल. जेथें वर्षाकांठीं सरासरीनें दोनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि तोहि कित्येक वर्षीं डोळे चुकवून जातो, तेथें आठशेंहून अधिक वर्षें एक नगर नांदतें, हवेल्या बांधतें, देवळें कोरतें व पुस्तकें जतन करितें, हें पाहून सूर्यास्ताचे रंग मोजीत बसावें काय?

ह्या प्रश्नाचें पहिलें उत्तर व्यापार हें आहे. सिंध व त्यापलीकडील मुलुखांतून येणारे उंटांचे तांडे ह्याच वाटेनें हिंदुस्थानांत उतरत. त्यांजकडून मिळणारी जकात व सावकारी ह्यांवर राजा आणि शेठसावकार दोघेहि पोसले गेले. पटव्यांच्या हवेल्या त्याच संपत्तींतून एकोणिसाव्या शतकांत उभ्या राहिल्या. पुढें मुंबई बंदराचा उत्कर्ष झाला, माल समुद्रानें जाऊं लागला, आणि तांड्यांची वाट ओस पडूं लागली; १९४७ च्या फाळणीनें ती कायमची बंद केली. म्हणजे ज्या रिकाम्या हवेलींपुढें उभा राहून आमचा मुंबईकडील प्रवासी हळहळतो, ती रिकामी होण्यास त्याचेंच शहर कांहीं अंशीं कारण झालें आहे! ही गोष्ट ज्या लेखकाच्या ध्यानीं येईल, त्याच्या हळहळीस निराळाच अर्थ येईल. पण ती सांगितलेली आम्हांस क्वचितच आढळली.

दुसरें उत्तर पाणी हें आहे. चौदाव्या शतकांत रावळ घडसी ह्यानें ज्या तलावाची व्यवस्था लाविली व ज्यास त्याच्या नांवावरून घडसीसर म्हणतात, तो ह्या नगराचा प्राण होता. तळ्याच्या वेशीसंबंधीं एक आख्यायिका सांगतात. तिलों नांवाच्या गणिकेनें ती वेस बांधविली. राजकुलास तिच्या वेशीखालून जाणें रुचेना. तेव्हां तिनें वर देवाची मूर्ति बसविली आणि वेस पाडणें अशक्य करून टाकलें. ही कथा बहुतेक वर्णनांतून असते, कारण ती मनोरंजक आहे. परंतु पाण्यावर वेस बांधण्याचा मान मिळविण्यासाठीं लोक एवढे कां झटत, हा विचार त्या कथेच्या पोटांत असून तो बाहेर कोणी काढीत नाहीं.

कुलधरा ह्या ओसाड गांवाची तर ह्याहून अधिक विटंबना झालेली आहे. हें गांव पालीवाल ब्राह्मणांचें. ते एकाएकीं गांव सोडून गेले, जातांना शाप देऊन गेले, आणि आतां तेथें भुतें वावरतात, एवढेंच वाचकांस सांगण्यांत येतें. पण हे पालीवाल ज्याकरितां प्रसिद्ध होते ती विद्या खडिनाची. खडकाळ उतारावरून वाहून येणारें पावसाचें पाणी खालच्या अंगास मातीचा लांब बांध घालून अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर हिंवाळ्यांत गहूं-हरभरा पेरावयाचा, अशी ही रीत. वाळवंटांत गव्हाचें शेत पिकविणाऱ्या माणसांची आठवण आम्हीं भुताच्या गोष्टींत बुडवून टाकावी, ह्यापरता शाप पालीवालांनीं तरी आम्हांस काय दिला असता!

पाण्याची ही गोष्ट केवळ भूतकाळची असती तर आम्ही इतका आग्रह धरला नसता. जैसलमेरचा किल्ला हा रिकामा अवशेष नव्हे. तेथें आजहि लोकवस्ती आहे. तो ज्या टेकडीवर उभा आहे तिच्यांत ठिसूळ व चिकणमातीचे थर आहेत, आणि त्यावरील घरें थोडक्या पाण्यांत संसार करणाऱ्यांसाठीं बांधलेलीं आहेत. धाब्यावर मातीचा जाड थर, व पाणी घड्यानें आणलेलें. त्या घरांच्या खाणावळी व पांथनिवास झाले, नळ आले, न्हाणीघरें आलीं, आणि जें पाणी पूर्वीं माणसें जपून वापरीत तें आतां टेकडीच्या पोटांत मुरूं लागलें. गेल्या शतकाच्या अखेरीस कांहीं बुरूज ढांसळले. १९९६ मध्यें जगांतील संकटग्रस्त वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादींत ह्या किल्ल्याचें नांव आलें. तेव्हांपासून मोऱ्या व गटारें सुधारण्याचे व भिंती सांवरण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु मूळ कारण पाहुण्याच्या स्नानगृहांत आहे. आतां ज्या वर्णनांत कोरीव गवाक्षाची स्तुति व किल्ल्यांतल्याच खोलींत मिळालेल्या यथेच्छ ऊन पाण्याचीहि स्तुति एकाच पानावर येते, तें वर्णन निरुपद्रवी आहे असें कोण म्हणेल? लेखक वाचकास तेथें पाठवीत असतो. तो कशासाठीं जावें हें शिकवितो, तसें कसें रहावें हेंहि न बोलतां शिकवितो.

किल्ल्याच्या आंत जीं जैन देवळें आहेत, त्यांच्या शिल्पाचें कौतुक पुष्कळ झालें आहे. परंतु त्यांतील एका देवळाच्या आश्रयानें पंधराव्या शतकापासून जो ग्रंथभांडार नांदत आला आहे, त्याची वार्ता आमच्या वर्णनांतून बहुधा नसते. असलीच तर जुन्या पोथ्याहि तेथें आहेत, एवढ्यावर संपते. येथेंच आम्हांस आपल्या अपराधाची कबुली दिली पाहिजे. आम्ही प्रथम जैसलमेरास गेलों तेव्हां वाळूंतील सूर्यास्तास उशीर होईल ह्या भीतीनें ह्या भांडाराच्या दारावरून तसेच पुढें गेलों. साहित्य शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं असें करावें, ही शरमेची गोष्ट आहे. आणि ती शरम पुढें वाचनानें वाढतच गेली.

कारण ह्या भांडाराचें ऋण महाराष्ट्रावर फार मोठें आहे. एल्फिन्स्टन कॉलेजांत प्राच्य भाषांचे अध्यापक म्हणून मुंबईस आलेले जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर हे १८७४ मध्यें तरुण हेर्मान याकोबींना बरोबर घेऊन जैसलमेरास गेले. तेथें त्यांच्या हातीं बिल्हण कवीचें ‘विक्रमांकदेवचरित’ लागलें. त्यांनीं तेथेंच बसून त्याची नक्कल केली, आणि १८७५ मध्यें तें काव्य मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेंत छापलें गेलें. हें चरित्र कोणाचें? कल्याणीच्या चालुक्यांतील सहाव्या विक्रमादित्याचें. म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांत दक्षिणेच्या मोठ्या भागावर ज्याची सत्ता होती, त्याचें. (हें कल्याण आमच्या भिवंडीशेजारचें नव्हे, तें हल्लीं कर्नाटकांत बिदर जिल्ह्यांत मोडतें.) कवि काश्मीरचा, राजा दक्षिणेचा, पोथी वाळवंटांतली, आणि छापखाना मुंबईचा! दक्षिणेंत ज्या काव्याचा विसर पडला तें मरुभूमीनें जपलें. कोरडी हवा हें त्याचें एक कारण असेल. पण हवा कांहीं पोथ्या गोळा करीत नाहीं. त्या गोळा करणारे, लिहविणारे व तळघरांत सांभाळणारे यति आणि श्रावक तेथें होते, हें खरें कारण.

दुसरें उदाहरण तर साक्षात् मराठी भाषेशीं निगडित आहे. उद्द्योतनसूरि ह्या जैन आचार्यानें शके ७०० मध्यें, म्हणजे इ. स. ७७९ त, जालोर येथें ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा पूर्ण केली. तींत एका बाजारपेठेचें वर्णन असून निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलींत बोलतांना दाखविले आहेत. त्यांत मरहट्टेहि आहेत. त्यांचें रूप, स्वभाव व बोलण्यांतले दोन शब्द आचार्यानें थोडक्यांत टिपले आहेत. आपल्या भाषेच्या इतिहासकारांस हा उल्लेख अमोल वाटतो, तो ह्यामुळें. आतां ह्या ग्रंथाच्या ज्या दोन हस्तलिखितांवरून डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये ह्यांनीं १९५९ मध्यें संहिता सिद्ध केली, त्यांतील एक कागदाची प्रत पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील, आणि दुसरी, संवत् ११३९ ची ताडपत्रावरची, जैसलमेरची. कोल्हापुरास अध्यापन केलेल्या विद्वानानें पुणें आणि जैसलमेर समोरासमोर ठेवून आठव्या शतकांतील मराठी माणसाचा आवाज आम्हांस ऐकविला. ज्या नगरांत आपल्या बोलीचे इतके जुने शब्द ताडपत्रावर निजले आहेत, तेथें जाऊन मराठी लेखकानें केवळ उंटाविषयीं लिहावें, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

कोणी म्हणेल कीं ही अपेक्षा अवास्तव आहे. प्रवासी म्हणजे संशोधक नव्हे. मान्य आहे. परंतु जिज्ञासेस पदवी लागत नाहीं, हें आमच्याच वाङ्मयानें पूर्वीं सिद्ध केलें आहे. गोविंद नारायण माडगांवकर ह्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत देवळें व इमारती आहेत, तशा विहिरी, तळीं, बाजार, धंदे, नाना जातींचे लोक व त्यांच्या रीती आहेत. ह्या शहराचें रोज कसें चालतें, ह्याचें कुतूहल पानोपानीं आहे. विष्णुभट गोडसे हे तर वरसईचे गरीब भिक्षुक. दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेले, १८५७ च्या धामधुमींत सांपडले, आणि पुढें जें पाहिलें तें लिहून ठेवलें; ‘माझा प्रवास’ म्हणून तें १९०७ मध्यें चिंतामणराव वैद्यांनीं प्रसिद्ध केलें. झांशीच्या वेढ्याचें त्यांचें वर्णन इतकें जिवंत कां, तर तोफांच्या धुरांतहि लोकांच्या खाण्यापिण्याची, पाण्याची व भयाची त्यांस विचारपूस होती. त्यांना कॅमेरा नव्हता, ही आमच्या वाङ्मयावर देवाची कृपाच म्हणावयाची.

परंतु ह्या साऱ्या चर्चेचा खरा कस घराजवळ लागतो. जैसलमेरची खरी किंमत ज्यास कळली तो परत आल्यावर आपल्या गांवाकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागेल. आणि ज्यास ती दृष्टि आली नाहीं, त्यास जैसलमेरहि दिसलें नाहीं असें समजावें. आमच्या भिवंडीस पाहण्यासारखें कांहीं नाहीं, हें वाक्य आम्हीं भिवंडीकरांच्याच तोंडून शेंकडों वेळां ऐकलें आहे. येथें पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि येथील लेणें, शिवालय व शिलालेख त्या पावसांत भिजत उभे आहेत. भिवंडी तालुक्यांतील लोनाड ह्या गांवीं टेंकडीच्या कुशींत एक बौद्ध लेणें आहे. तेथें आतां खांडेश्वरी देवीची पूजा होते. गांवाजवळ पडझड झालेलें जुनें शिवालय आहे. ठाण्यास राजधानी असलेल्या शिलाहारांचे लेख ह्याच परिसरांत मिळाले. अपरादित्याचा शके ११०६ चा लोनाडचा, व केशिदेवाचा शके ११६१ चा शेजारच्या चौधरपाड्याचा. पैकीं दुसऱ्याचा जो सारांश १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत दिला आहे, त्याप्रमाणें ब्रह्मपुरी नांवाचें गांव राजानें सोमन नांवाच्या एका शिवभक्त कवीस दिलें. ज्या भूमीवर आज मालाचीं गोदामें उभीं आहेत, तेथें एके काळीं राजानें कवीस गांव तोडून दिलें होतें!

ह्याच घराण्यांतील पहिला अपरादित्य हा याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ टीकेचा कर्ता. त्यानें तेजकंठ नांवाचा पंडित काश्मीरांतील विद्वत्सभेस पाठविल्याची नोंद मंखाच्या ‘श्रीकंठचरितां’त आहे. काश्मीरचा बिल्हण दक्षिणेंत आला, तसा आमच्या कोंकणचा पंडित काश्मीरास गेला. आणि त्याची साक्ष आम्हीं नाहीं, काश्मीरनें जपली. पुढें १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली; १७३९ च्या वसईविजयानंतर चिमाजी अप्पांनीं वज्रेश्वरीचें देऊळ बांधविलें. हीं नांवें शाळेंतील मुलांस पाठ असतात. परंतु लोनाडास किती भिवंडीकर गेले आहेत? आम्ही स्वतः जैसलमेरास दोनदां जाऊन आलों, त्यानंतर लोनाडास गेलों. अंतर शेंकडों मैलांचें असलें तर उत्साह येतो. कांहीं कोसांचें असलें म्हणजे उद्यां जाऊं म्हणून वर्षें निघून जातात.

आणि दगडांत विणलेल्या वस्त्राची ती उपमा! ती लिहिणाऱ्यानें खरें वस्त्र कसें विणलें जातें तें भिवंडींत पाहिलें आहे काय? १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें हातमाग घातले. विसाव्या शतकांत त्यांच्या जागीं यंत्रमाग आले. ताण्यांतून धोटा धांवत असतां होणारा तो खडखडाट ज्यानें ऐकला नाहीं असा ह्या गांवांत कोणी नाहीं. आणि तो ऐकण्यासारखा आहे असें ज्यास वाटलें असे मात्र थोडे. घरें सोडून दूर देशीं आलेल्या माणसांनीं आपलें कसब बरोबर आणून गांव वसविलें, हीच पालीवालांची गोष्ट, हीच पटव्यांची. आज कित्येक कारखान्यांतून माग उतरवून मोडींत घातले जात आहेत व त्या जागीं गोदामें होत आहेत. जुन्या विणकरांच्या आठवणी, त्यांचे शब्द, त्यांच्या कापडाचे नमुने कोणी टिपून ठेवील, तर शंभर वर्षांनीं त्यासच कोणी वारसा म्हणेल. न टिपले तर येथेंहि भुताच्या गोष्टीच उरतील.

सूर्यास्त पाहूं नये, उंटावर बसूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सौंदर्याचा आनंद हा प्रवासाचा हक्काचा भाग आहे, आणि जो आनंदित झाला नाहीं त्याचें पांडित्यहि वाचकाच्या पोटांत उतरत नाहीं. आमचें मागणें एवढेंच आहे, कीं लेखकानें परत येतांना एक तरी प्रश्न बरोबर आणावा : येथें पाणी कोठून येत होतें, पैसा कोठून येत होता, पुस्तकें कोणी सांभाळलीं, आणि आमच्या येण्यानें त्यांतलें काय राहील व काय जाईल? हे चार प्रश्न जैसलमेरास विचारतां आले तर लोनाडासहि विचारतां येतील. त्या चौधरपाड्याच्या लेखांतील कवीनें काय लिहिलें, ह्याचा आज मागमूस नाहीं. बिल्हणास जैसलमेर भेटलें. आमच्या कवीस त्याचें जैसलमेर भेटलें नाहीं. पुढच्या सुटींत राजस्थानचीं तिकिटें काढण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं एक सकाळ मुलांना घेऊन लोनाडास जावें, त्या पडक्या शिवालयापुढें उभें रहावें, आणि घरीं येऊन जें वाटेल तें खरें तेवढेंच लिहावें. त्या लेखास आम्ही ह्या मासिकाच्या पानांवर मोठ्या आनंदानें वाचूं.